आधी स्वतःच्या खुराड्यात

तिला खरं नाव होतं, पण गावाने ते कधीच मोडीत काढलं होतं. शाळेतल्या पोरांपासून दात पडलेल्या म्हाताऱ्यांपर्यंत सगळे तिला थेंबवाली म्हणत. हातात एक डबा, डब्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेली लशीची बाटली, आणि उजाडायच्या आत दारादारांत हाक: "सोडल्या नाहीत ना गं अजून? सोडू नका, आले मी!" कोंबडी एकदा खुराड्यातून सुटली की तिला धरायला घरातली सगळी माणसं, शेजारची दोन आणि एक कुत्रा लागतो, आणि तरी ती छपरावर जाऊन बसते. म्हणून हे काम पहाटेचंच.

काम तसं बघायला काहीच नाही. कोंबडी काखेत धरायची, डोकं एका अंगाला कलवायचं, डोळ्यात एक थेंब टाकायचा आणि ती डोळा मिटून उघडेपर्यंत थांबायचं. बघणाऱ्याला वाटावं, यात काय, हे कुणीही करेल. पण कोंबडी घाबरली की पाय झाडते आणि थेंब चोचीवर पडून फुकट जातो. थेंबवालीच्या काखेत ती गप्प राही. थेंबवाली तिच्याशी काहीतरी पुटपुटत असे. त्या बहुतेक शिव्याच असत, पण इतक्या लाडाच्या की कोंबडीची तक्रार नसे.

हा सगळा खटाटोप मानमोडी नावाचा रोग टाळण्यासाठी. ज्यांनी कोंबड्या पाळल्या नाहीत त्यांना हे नाव गमतीचं वाटेल. पाळणाऱ्यांना हसू येत नाही. काल दाणे टिपणारी कोंबडी आज पिसं फुलवून कोपऱ्यात बसते, हिरवी पातळ शीट टाकते, घशात घरघरते, मग कुणी पिरगळावी तशी तिची मान वाकडी होते आणि ती स्वतःभोवती फिरत फिरत पडते. एकीला झालं की खुराडं जातं, खुराडं गेलं की गल्ली जाते. आणि यावर औषध नाही. एकदा आजारी पडलेल्या कोंबडीला कुठलाही डॉक्टर वाचवू शकत नाही. करायचं ते आधी, ती धडधाकट असताना. आता धडधाकट कोंबडीच्या डोळ्यात परक्या बाईला काहीतरी टाकू द्यायचं म्हणजे केवढा विश्वास लागतो, ते थेंबवालीला पहिल्याच वर्षी कळलं होतं.

नवरा गेला त्या वर्षीची गोष्ट. घरात ती आणि सासूबाई, दोघीच उरल्या. गुरांच्या डॉक्टरांनी आसपासच्या गावांतल्या बायकांना लस टाकायला शिकवायचं ठरवलं, तेव्हा सासूबाईंनीच तिला ढकललं. "भिंतीकडे बघून रडतेस त्यापेक्षा कोंबडीकडे बघ, ती निदान अंडं तरी देते," असं त्या म्हणाल्या. सासूबाईंची जीभ म्हणजे कात्री, पण ती कात्री त्यांनी सुनेवर कधी चालवली नाही. कुणी 'बिचारी' म्हणालं तर मात्र त्या व्यक्तीचे कपटे व्हायचे.

शिकून आली खरी, पण कोंबड्या देणार कोण? "माझी कोंबडी चांगली ठणठणीत आहे, तिला कशाला उगाच?" कुणी म्हणालं, डोळे जातील. कुणी म्हणालं, अंडी बंद होतील. शेवटी वैतागून तिने एका पहाटे स्वतःच्या कोंबड्या टोपलीत घातल्या, नळावर पाण्याला जमलेल्या बायकांसमोर नेल्या आणि सगळ्यांच्या देखत एकेकीच्या डोळ्यात थेंब टाकला. "आधी माझ्या, मग तुमच्या," ती म्हणाली. त्या दिवशी पहिलं दार उघडलं. मग तीच रीत पडली. दर वेळी थेंबांच्या दिवशी बायका आधी तिच्या अंगणात जमत, तिने स्वतःच्या कोंबड्यांना थेंब टाकलेले बघत, आणि मगच घरी जाऊन तिची वाट पाहत.

डॉक्टरांनी नेमकं उलटं सांगितलं होतं. स्वतःच्या कोंबड्या सगळ्यात शेवटी, आणि दर घरानंतर साबणाने हात धुवायचे. डॉक्टरांचं चुकलं नव्हतं. पण डॉक्टर जीपमध्ये बसून निघून जातात, राहायचं तिला होतं. साबण तिने पहिली काही वर्षं इमानाने वापरला. मग मानमोडी गावात दिसेनाशी झाली, कोंबड्यांनी गल्ल्या भरून गेल्या, आणि पिशवीतल्या साबणाला वाळून चिरा पडल्या. सासूबाई नळावर सांगत, "आमच्या सुनेच्या हाताला यश आहे." त्यात खोटं काही नव्हतं.

गावात एक घर मात्र कधी उघडलं नाही, ते शिंपीणबाईंचं. गल्लीच्या शेवटी खिडकीला लावलेलं शिलाई मशीन आणि त्यामागे अधू पायाची, एकटी, फटकळ म्हातारी. तिच्या कोंबड्या मशीनखाली फिरत, कापडाच्या चिंध्यांवर अंडी घालत, आणि ती त्यांच्याशी दिवसभर भांडे. लंगडणारी एक कोंबडी तिची खास लाडकी. "आम्हा दोघींत मिळून दोन पाय धड आहेत," असं ती म्हणायची. थेंबांचं नाव काढलं की तिचं उत्तर ठरलेलं: "माझ्या पोरी घराबाहेर पडत नाहीत. त्यांना रोग द्यायला येणार कोण?"

त्या वर्षी मात्र थेंबवालीने हट्टच धरला. कारण होतं. मागच्या खेपेची लस आलीच नव्हती, वरच्या कचेरीत काहीतरी अडलं होतं. थेंबांचा जोर काही महिन्यांत ओसरतो, मग पुन्हा द्यावे लागतात. म्हणजे सगळं गाव आता उघड्यावर होतं. ती रोज संध्याकाळी शिंपीणबाईंच्या उंबऱ्यावर जाऊन बसू लागली. सुईत दोरा ओवून द्यायची आणि बोलत राहायची. एके दिवशी शिंपीणबाई कंटाळल्या, किंवा विरघळल्या. त्या म्हणाल्या, "बरं, घाल एकदाचे. पण पोरी, मला दुसरं कुणी नाही हं. काही झालं तर?"

"काही झालं तर माझं दार ठोठावा," थेंबवाली म्हणाली. "माझ्यावर सोडा सगळं."

त्याच सुमाराला नणंद एका दिवसासाठी येऊन गेली होती. येताना तिने पिशवीतून एक करडी कोंबडी आणली, आईसाठी म्हणून. थेंबवाली तेव्हा डॉक्टरांकडे बाटल्या आणायला गेली होती. परत आली तर करडी खुराड्यात आणि नणंद गेलेली. थेंबांच्या आदल्या संध्याकाळी तिने कोंबड्या आत घेतल्या तेव्हा करडी दिसली नाही.

"आई, ती करडी कुठे गेली?"

"मुंगसाने नेली," सासूबाई चुलीकडे तोंड करून म्हणाल्या. "दुपारीच."

पहाटे अंगणात बायका जमल्या. थेंबवालीने खुराड्याचं दार उघडलं, एकेक कोंबडी बाहेर काढली, काखेत धरली, थेंब टाकला. कोपऱ्यात एक पिसं फुलवून बसली होती. बाहेर काढली तर ती हाताला हलकी लागली आणि डोकं खाली घालून गप्प राहिली.

"ही अशी का बसलीये?"

"खुडूक आहे ती, उबवायला बसलीये," सासूबाई घाईने म्हणाल्या. "घाल थेंब आणि निघ. उजाडलं बघ. लोक खोळंबलेत."

थेंबवालीने त्या कोंबडीकडे पुन्हा एकदा पाहिलं. खुडूक कोंबडी हात लावला की टोचते, फुगते, ओरडते, हे तिला कुणी सांगायला नको होतं. पण डब्यातली बाटली उघडली होती, ऊन चढलं की लस जाणार होती, आणि बायका घरी निघाल्याही होत्या. तिने बघून न बघितल्यासारखं केलं. असं आपण सगळेच करतो. फक्त आपल्या भरवशावर सगळं गाव खुराडं बंद करून बसलेलं नसतं.

मग ती घरोघर फिरली. त्याच हातांनी, त्याच लुगड्यानिशी, त्याच पायताणांनी. शेवटचं घर शिंपीणबाईंचं. लंगडीला शिंपीणबाईंनी स्वतः उचलून तिच्या काखेत दिलं आणि थेंब पडताना स्वतःचेच डोळे मिटून घेतले. थेंबवालीला हसू आलं. "झालं, उघडा डोळे," ती म्हणाली. वरच्या आळीतली काही घरं त्या दिवशी राहिली, त्यांना लग्नाला जायचं होतं. त्यांनी सांगितलं, पुढच्या खेपेला बघू.

आठवडाही उलटला नसेल. आधी तिची स्वतःची खुडूक म्हटलेली कोंबडी गेली, मग उरलेल्या. मग नळाजवळची घरं, मग मधली गल्ली. ज्या क्रमाने ती फिरली होती, त्याच क्रमाने कोंबड्या पडत गेल्या. सकाळी कुणी ना कुणी मेलेली कोंबडी पायाला धरून तिच्या दारात आणून टाकी आणि न बोलता निघून जाई. नळावर मात्र लोक भरपूर बोलत. "थेंब आमच्या कोंबड्यांना पोचले बरं का, चांगलेच पोचले." आणि सगळ्यात झोंबणारी गोष्ट अशी, की वरच्या आळीतल्या कोंबड्या, ज्यांना थेंब मिळालेच नव्हते, त्या खुशाल उकिरडे उकरत होत्या. यापुढे कुणाला काय समजवायचं?

शिंपीणबाई तिच्या दारात आल्या नाहीत. तीच गेली. मशीन बंद होतं. खिडकीशी चिंध्यांच्या ढिगावर लंगडी पडलेली होती, मान उलटी वळलेली, एक पाय अजून हलत होता. शिंपीणबाई तिच्यावर कपड्याने वारा घालत होत्या.

"श्वास लागतोय तिला," त्या म्हणाल्या. "थोडं वारं मिळालं की बरं वाटेल. नाही?"

 थेंबवाली दारातूनच परतली. वाटेत तिला रडू फुटलं आणि ते तिने कुणापासून लपवलंही नाही. बघणाऱ्यांना त्यातही कबुली दिसली.

घरी आल्यावर तिने कुदळ घेतली. मेलेली कोंबडी उकिरड्यावर टाकायची नाही, खोल पुरायची, हे तिनेच गावाला शिकवलं होतं. परसात भिंतीच्या कडेला माती भुसभुशीत लागली म्हणून तिथे खणलं. कुदळ कापडात अडकली. ओढलं तर सासूबाईंची जुनी शाल निघाली, आणि शालीत करडी. मान पिरगळलेली, पिसांना हिरवी शीट वाळून चिकटलेली. मुंगूस कोंबडी खातं. शालीत गुंडाळून पुरत नाही.

ती तशीच मातीच्या हातांनी आत गेली. सासूबाई तांदूळ निवडत होत्या.

"आई, करडी कधी मेली?"

सासूबाईंनी सूप खाली ठेवलं, पण वर पाहिलं नाही. "सांगितलं ना, मुंगसाने..."

"तुमच्या शालीत आहे ती."

म्हातारीने सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाली, "थेंबांच्या आदल्या दिवशी. दुपारी."

"वन्संनी आणली तेव्हा त्यांच्याकडे रोग होता?"

"तिच्या सगळ्या गेल्या. ही एकच उरली होती. रडत होती गं माझी पोर. म्हणाली, आई, एवढी एक तरी तुझ्याकडे जगू दे. मी कशी नाही म्हणू?"

"आणि मला का नाही सांगितलंत?"

आता सासूबाईंनी वर पाहिलं. "काय सांगायचं? थेंबवालीच्या घरात मानमोडी? सकाळी अख्ख्या गावाच्या बायका अंगणात येणार होत्या. इतक्या वर्षांनी तुझं एवढं नाव झालंय. झाकली मूठ सव्वा लाखाची. मला वाटलं, एकच तर आहे, पुरून टाकली की मिटलं."

"कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का, आई?"

ती हे मोठ्याने म्हणाली नाही, आणि म्हणूनच म्हातारीला जास्त लागलं. त्या रडू लागल्या. सुनेला त्यांच्यावर धड रागावताही येईना. करडी त्यांनी लपवली हे खरं. पण ती फुललेली कोंबडी तिने स्वतःच्या हातात धरली होती. साबण तिच्याच पिशवीत वाळला होता. आणि 'आधी माझ्या' हा हट्ट तर सर्वस्वी तिचाच होता. रोग आणला नणंदेने, लपवला सासूने, आणि दारोदार पोचवला तिने.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डॉक्टर आले. शाळेच्या पटांगणात सगळं गाव जमलं होतं. डॉक्टर सरळ माणूस होते, थकलेले, चष्मा सारखा पुसणारे. त्यांनी लोकांना ओरडू दिलं आणि मग समजावलं. थेंबांनी कोंबडी मरत नाही. रोग अंगात शिरल्यावर दिसायला काही दिवस लागतात, म्हणजे तो थेंबांच्या आधीपासूनच गावात होता. आणि थेंबांचा गुण यायलाही दिवस लागतात, तेवढे दिवस मिळाले नाहीत. वरच्या आळीने खूश होऊ नये, त्यांचीही पाळी येईल.

"मग रोग आणला कुणी?" मागून कुणीतरी विचारलं.

डॉक्टरांनी चष्मा पुसला. "सहसा बाहेरून येतो. विकत घेतलेल्या कोंबड्यांतून, व्यापाऱ्यांच्या टोपल्यांतून..."

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत सगळ्या माना एका बाजूला वळल्या. तिथे कोंबडीवाला उभा होता. सायकलच्या दोन्ही अंगांना टोपल्या लावून गावोगाव कोंबड्या घेणारा, विकणारा, वाळक्या अंगाचा, बोलका माणूस. त्या दिवशीच बिचारा फेरीला आला होता आणि गर्दी दिसली म्हणून थांबला होता.

"मी तर या महिन्यात आलोच नव्हतो," तो म्हणाला. "बायको आजारी होती माझी. विचारा कुणालाही."

कुणीही विचारलं नाही. कुणीतरी त्याच्या सायकलची हवा सोडली, एका पोराने टोपलीवर लाथ मारली आणि तिची कड मोडली. आतल्या कोंबड्या कलकलाट करू लागल्या. याला पुन्हा गावात पाऊल टाकू द्यायचं नाही, असं एकाने म्हटलं आणि पाच-दहा आवाजांनी ते उचलून धरलं. लोकांना एवढ्या दिवसांनी हाताशी लागेल असं काहीतरी मिळालं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला गर्दी नेहमीच तयार असते.

थेंबवाली हे सगळं बघत होती. तिच्या मनात काय चाललं होतं ते सांगायला हवं, कारण लोक पुढे म्हणाले की तिने विचार न करता तोंड उघडलं. तिने विचार केला होता. गप्प राहिलं तर सुटका होती. डॉक्टर तिच्या बाजूने बोलले होते, पुढच्या खेपेला दारं उघडली असती, थेंब पडले असते, कोंबड्या जगल्या असत्या. एका माणसाची फेरी बुडाली असती, एवढंच. तो दुसऱ्या गावांत फिरला असता. हिशोब सरळ होता. पण कोंबडीवाला खाली वाकून मोडलेल्या टोपलीची कड पुन्हा विणायचा प्रयत्न करत होता आणि एकही काडी जागेवर बसत नव्हती.

"त्याने नाही आणला," ती म्हणाली.

आवाज फार मोठा नव्हता, पण सगळ्या माना आता तिच्याकडे वळल्या.

"माझ्या खुराड्यात होता रोग. एक मेली होती, एक आजारी होती. मी बघितलं, आणि तरी तुमच्याकडे आले. हात धुतले नाहीत. माझ्या हातांनी गेला तो तुमच्या घरांत."

सासूचं नाव तिने घेतलं नाही. शिंपीणबाई पुढेच बसल्या होत्या, काठी धरून. त्यांच्याकडे बघायचं तिने टाळलं नाही.

लोक उठून गेले. कुणी एक शिवी दिली, बाकीच्यांनी तेवढेही कष्ट घेतले नाहीत. कोंबडीवाला सायकल ढकलत निघून गेला. त्याने तिचे आभारही मानले नाहीत, आणि ते बरोबरच होतं. डॉक्टर जीपपाशी थांबले होते.

"खरं बोललात," ते म्हणाले. "मला तुमचा मान वाटतो. पण बाई, हात दाखवून अवलक्षण केलंत. आता पुढच्या वेळी खुराडं कोण उघडणार?"

ती घराकडे चालू लागली.

सासूबाईंना हे समजलं तेव्हा त्या रात्रभर बसून राहिल्या आणि सकाळी काठी घेऊन बाहेर पडल्या. दारोदार जाऊन सांगू लागल्या, की कोंबडी मी लपवली, सुनेला काहीच ठाऊक नव्हतं. आणि इथे मोठी गंमत झाली, रडू यावं अशी. कुणाचाच विश्वास बसला नाही. "म्हातारी सुनेला वाचवायला बघतेय," लोक म्हणाले. "किती माया आहे बघा." आयुष्यात पहिल्यांदाच कात्रीसारखं स्वच्छ खरं बोलणाऱ्या बाईला लोकांनी पाठीवर थोपटून घरी पाठवलं. त्यानंतर सासूबाई नळावर गेल्या नाहीत. सुनेशी बोलत, पण हळू आणि फार जपून, घरात कुणी आजारी असल्यासारखं.

काही महिन्यांत गावाने नव्या कोंबड्या पाळल्या, आणि पुढची लस आली. थेंबवालीच्या खुराड्यात आता एकही कोंबडी नव्हती आणि तिने नवी आणलीही नाही. नवा साबण घेतला, धुतलेले कपडे घातले, आणि उजाडायच्या आत निघाली. पहिल्या घरी दार उघडलं नाही. दुसऱ्या घरी बाई दारात आली, तिच्या हातांकडे बघितलं आणि म्हणाली, "आमच्या सोडल्या बाई आत्ताच." मागे खुराड्यात कोंबड्या चांगल्या कुरकुरत होत्या. तिसऱ्या घरी तर तेवढी सबबही कुणी शोधली नाही. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. या गावाने ताक बंदच करून टाकलं.

शिंपीणबाईंकडे आता नवी पिल्लं होती, कुणीतरी दिलेली. त्या उंबऱ्यावरच बसल्या होत्या, जणू तिचीच वाट बघत.

"रागावले नाही मी तुझ्यावर," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी खरं बोललीस. एवढ्या गर्दीत मी तरी बोलले नसते."

"मग घालू द्या, बाई. हे बघा, हात धुतलेत. तुमच्या समोर पुन्हा धुते."

"नको, पोरी."

"या खेपेला काही होणार नाही. शपथ घेते."

"मागच्या वेळीही तू 'माझ्यावर सोडा' म्हणाली होतीस गं," शिंपीणबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. त्यांनी आत हात घालून दार ओढून घेतलं आणि स्वतः बाहेरच बसून राहिल्या, ती जाईपर्यंत.

उघडलेली बाटली दुसऱ्या दिवसापर्यंत टिकत नाही. ऊन डोक्यावर आल्यावर ती घरी परतली आणि सगळी लस तिने उकळत्या पाण्यात ओतली, शिकवलं होतं तशी. पुढे डॉक्टरांनी बाटल्या पाठवणं थांबवलं. दुसरी कुणी बाई तयार होते का, त्यांनी विचारून पाहिलं. जिच्या हाताचं यश गेलं तिचं काय झालं ते सगळ्यांनी बघितलं होतं. कुणी तयार झालं नाही. थेंबवालीला मात्र लोक अजून थेंबवालीच म्हणत.

कोरडे दिवस आले तसा मानमोडी पुन्हा आली. या वेळी ती कुणाच्या हातांनी आली ते कुणालाच ठाऊक नव्हतं आणि विचारायलाही कुणी जमलं नाही. वरच्या आळीपासून सुरू झाली आणि उतरत उतरत खाली आली. थेंबवाली घरात बसून ऐकत होती. सकाळी आरवणारे कोंबडे एकेक करून कमी होत गेले. एक दिवस उजाडलं आणि गावात कुणीच आरवलं नाही.

त्याच दुपारी दारावर काठी वाजली. उघडलं तर शिंपीणबाई. एवढी गल्ली त्या अधू पायाने चालून आल्या होत्या, घामाने निथळत होत्या. छातीशी फडक्यात धरलेली कोंबडी होती, आता मोठी झालेली, पांढरी. तिची मान वळायला लागली होती.

"ही एकच राहिली," त्या म्हणाल्या. "बाकीच्या गेल्या. मी चुकले पोरी, मी दार लावून घेतलं. घाल, आता घाल तू थेंब. मी धरते तिला."

"बाई, थेंब नाहीत माझ्याकडे."

"थोडे असतील. तळाशी असतील बघ."

"असते तरी आता उपयोग नाही, बाई. आजारी पडल्यावर काही चालत नाही. खरंच नाही चालत."

शिंपीणबाईंना ते पटलं की नाही कोण जाणे. त्या तशाच उभ्या राहिल्या, कोंबडी पुढे धरून. पूर्वीची थेंबवाली असती तर ओरडली असती, आजारी कोंबडी घेऊन गल्लीतून चालत येतात का, किती घरांत रोग पसरेल, ठेवा खाली, हात धुवा. आता वाटेत वाचवायला कुणाची कोंबडी उरली नव्हती. तिच्या घरी नव्हती, शेजारी नव्हती, आणि इथून उठून तिला कुठल्याही खुराड्याशी जायचं नव्हतं.

तिने हात पुढे केले, ती पांढरी घेतली आणि काखेत धरली. कोंबडी शांत झाली. मग दोघी उंबऱ्यावर बसल्या आणि ती मरेपर्यंत बसून राहिल्या.